बारा मार्कांचा हिशोब

(वर्षावास प्रवचनमालेतील भाषणाचा मजकूर)



समितीनं मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'स्वतःचा स्वीकार'. हे भाषण मी चार वेळा लिहून काढलं. पाचव्यांदा कागद घेऊन बसलो तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "अहो, विषय काय आहे तुमचा?" मी विषय सांगितला. ती हसली आणि आत निघून गेली. तेव्हा आज जे बोलतोय ते चौथ्या कागदावरचं आहे, गोड मानून घ्या.

मी 1975 साली नोकरीला लागलो. कारकून म्हणून. कार्यालय कुठलं ते जाऊ द्या. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिलाच. पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी माझे कागद पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता यांच्या चुका तपासायला एक माणूस वेगळा नेमावा लागेल." सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

त्या दिवसापासून प्रत्येक बेरीज मी तीनदा करायला लागलो. अंगात ताप असला तरी रजा घेतली नाही, कारण माझ्यामागं माझं रजिस्टर कुणी उघडलं तर? अडलं तर कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं म्हणजे येत नाही असा अर्थ निघणार. शेजारच्या टेबलावरचा माणूस चुकला की ती त्याची चूक असायची. मी चुकलो तर ती आपल्या सगळ्या समाजाची चूक होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुमच्यापैकी ज्यांनी नोकऱ्या केल्या त्यांना हे सांगावं लागणार नाही. 2012 साली निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांनी भाषणात सांगितलं, यांच्या कामात कधी खाडाखोड सापडली नाही. खरं होतं ते. पण सदतीस वर्षांत त्या टेबलावर मी एक दिवस मोकळा श्वास घेतला नाही, हेही खरं होतं.

बरं, हे ओझं ऑफिसातच राहिलं असतं तर आज मी इथं उभा राहिलो नसतो. ते मी घरी आणलं.

1996 साली माझा मुलगा दहावी झाला. गणितात 150 पैकी 138. त्याच्या आईनं पेढे आणले, गल्लीत वाटलेसुद्धा. मी गुणपत्रिका हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, "बारा मार्क कुठं गेले?" पोरगं काही बोललं नाही. पेढा हातात तसाच धरून उभं राहिलं.

पुढं तो इंजिनिअरिंगला गेला, दुसऱ्या गावी, हॉस्टेलवर. 1999 च्या पावसाळ्यात पहिल्या वर्षाचा निकाल लागला. दोन विषय राहिले. आम्हाला पत्र आलं, 'सर्व ठीक आहे'. पुढची चार पत्रं तशीच. दिवाळीच्या सुट्टीत कपडे काढताना त्याच्या आईला ट्रंकेत घडी केलेली गुणपत्रिका सापडली. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "पप्पा, तुम्हाला दाखवायला पूर्ण काहीतरी हातात पाहिजे ना. अर्धं कसं दाखवू?"

त्याच्या खोलीतल्या मित्रानं नंतर सांगितलं की त्या महिन्यांत हा रात्री-अपरात्री रेल्वेलाईनच्या कडेनं एकटाच चालत राहायचा. हे मला फार उशिरा कळलं. आजही रात्री गाडीची शिट्टी ऐकली की मी उठून बसतो.

आपल्या घराघरांत मुलांना सांगतात, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. मीही सांगायचो. ऊठ म्हणायचं असलं तरी तेच आणि झोपू नको म्हणायचं असलं तरी तेच. पण चरित्र नीट उघडून बघा. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. म्हणजे शेकडा अडतीससुद्धा नाहीत. त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली, आणि त्याच निमित्तानं केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं. उरलेले 468 मार्क कुठं गेले, असं त्या सभेत कुणी विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही. आपल्याकडं धम्माची वाट ज्या पुस्तकापासून सुरू झाली, ते पुस्तक अडतीस टक्क्यांच्या सत्कारात मिळालेलं आहे! पुढं लंडनला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. परीक्षकांनी तो परत लिहायला सांगितला. त्यांनी तो इथं मुंबईत बसून दुरुस्त केला, पुन्हा पाठवला आणि 1923 साली पदवी घेतली. परत आलेला प्रबंध त्यांनी ट्रंकेत लपवला नाही. पोरांना अठरा तास सांगताना हेही सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

आता भगवंतांच्या काळातली एक गोष्ट. चंपानगरीचा सोण नावाचा श्रीमंताचा मुलगा. इतका नाजूक वाढलेला की त्याच्या तळपायांवर केस होते म्हणतात. तो भिक्खू झाला आणि राजगृहाजवळ शीतवनात चंक्रमण करू लागला. इतका चालला की पाय फाटले, चालायची वाट रक्तानं भरली. तरी मन मुक्त होईना. त्याला वाटलं, माझ्यापेक्षा जास्त कष्ट कोण करतो? तरी होत नाही, तर जावं घरी. भगवंत तिथं गेले. त्यांनी त्याला आळशी म्हटलं नाही, शाबासकीही दिली नाही. तो घरी असताना वीणा वाजवायचा, त्याबद्दल विचारलं. तार फार ताणली की वाजते का? नाही. सैल सोडली की? तरी नाही. मेहनतीचंही तसंच आहे, फार ताणली की मन सैरभैर होतं, सैल सोडली की सुस्त होतं.

वीणेचा दाखला आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण विनयात त्याच्या पुढं एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. भगवंतांनी सोणाला पायात वहाणा घालायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, लोक नावं ठेवतील की एवढी संपत्ती सोडली आणि वहाणेत अडकला. संघाला दिली तर घालीन. तेव्हा सगळ्या भिक्खूंना वहाणा मिळाल्या. मला ही गोष्ट फार आवडते. उपदेश तर केलाच, पण आधी फाटलेले पाय बघितले. मी माझ्या पोराचे पाय बघितले नाहीत, वाट किती झाली तेवढं मोजत बसलो.

कुणी म्हणेल, म्हणजे अभ्यास सोडायचा का? सैल तारही वाजत नाही, हे आत्ताच सांगितलं. आपल्या मुलांना स्पर्धा आहे, टोमणे आहेत, ते मी नाकारत नाही. पण दर रविवारी आपण इथं पंचशील घेतो, तो शब्द बघा. 'सिक्खापद', म्हणजे शिकण्याची पायरी. मागच्या रविवारी घेतलं होतं, या रविवारी परत का घेतो? मधल्या सहा दिवसांत कुठंतरी पाय घसरलेला असतो म्हणून. गेल्या आठवड्याचा हिशोब दे, मग शील देतो, असं भन्तेजी कधी म्हणत नाहीत.

मुलाचं एक वर्ष गेलं. ते विषय सुटले, पुढं नोकरीही लागली. आता तो चाळिशीपार आहे, स्वतःची मुलगी आहे. आमच्यात भांडण नाही. मी त्याची माफी मागितली, दहा वर्षांपूर्वी, एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघताना. तो म्हणाला, "जाऊ द्या पप्पा." पण काही बिनसलं की त्याचा फोन अजून आईलाच येतो. आई बोलते, मी शेजारी बसून ऐकतो. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "पप्पांना देऊ का?" पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, "दे."

माझी वीस मिनिटं संपली.