जीर्णोद्धाराचा मूळ अर्थ

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचे लेखी रूप)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या धार्मिक न्यासासमोर सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास एक प्रश्न हमखास उभा राहतो. स्थापनेच्या काळात वाडवडिलांनी पै-पै जमवून बांधलेली धर्मशाळा, पाठशाळा किंवा सभागृह आता गळू लागलेले असते. भिंतींना ओल आलेली असते, छताच्या सळया उघड्या पडलेल्या असतात. मंदिराची वास्तू तर अनेक गावी न्यासाहून कितीतरी जुनी असते. मग सभेत दोन मते पडतात. एक मत दुरुस्तीचे, दुसरे सगळे पाडून भव्य नवी वास्तू उभारण्याचे. पुष्कळदा दुसऱ्या मताची सरशी होते, आणि त्या पाडकामालाही निमंत्रणपत्रिकेत ‘जीर्णोद्धार’ हेच नाव दिले जाते.

जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याचा उद्धार. खचलेल्याला हात देऊन वर उचलणे. ज्याला उचलायचे तेच नाहीसे केले, तर उद्धार कोणाचा झाला ? सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने या शब्दाच्या मूळ अर्थाकडे पुन्हा वळणे अगत्याचे आहे.

नूतन मंदिराच्या निर्मितीपेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, अशी श्रद्धा श्वेतांबर परंपरेत दृढ आहे. शत्रुंजय तीर्थाचे सोळा उद्धार सांगितले जातात. विक्रम संवत १३७१ मधील समराशाह आणि संवत १५८७ मधील कर्माशाह यांची नावे आजही आदराने घेतली जातात. नवे तीर्थ स्थापन केल्याचे श्रेय त्यांच्याकडे नाही. भग्न झालेले तीर्थ त्यांनी सावरले, हीच त्यांची कीर्ती होय.

याच तीर्थासंबंधी प्रबंधग्रंथांत मंत्री उदयन यांची कथा येते. त्या काळी तेथील मंदिर लाकडी होते. दर्शन घेत असताना एक उंदीर दिव्याची जळती वात तोंडात धरून नेताना उदयन यांना दिसला. एका ठिणगीने सारे मंदिर भस्मसात होईल, या चिंतेतून त्यांनी ते पाषाणाचे करण्याचा संकल्प सोडला. तो पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले; पुत्र वाग्भट, म्हणजेच बाहड मंत्री, यांनी बाराव्या शतकात तो सिद्धीस नेला. जुने बदलण्यास परंपरेची आडकाठी नव्हती, हे या कथेतून स्पष्ट होते. मात्र बदलाचे कारण खरा धोका हे होते. हौस किंवा स्पर्धा हे नव्हते. आजच्या विश्वस्तांनाही हीच कसोटी पुरेशी आहे.

विसाव्या शतकात शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या नेतृत्वाखाली राणकपूर आणि अबूच्या देलवाडा मंदिरांचे जे काम झाले, ते या कसोटीचे उत्तम उदाहरण होय. देलवाड्याची विमलवसही अकराव्या शतकातील, तर वस्तुपाल-तेजपाल बंधूंची लूणवसही १२३० मधील. तेथील भंगलेल्या शिल्पांसाठी मूळ दगडाशी मिळताजुळता संगमरवर अंबाजी-दांता परिसरातून मिळवण्यात आला. सोमपुरा शिल्पींनी शेजारच्या जुन्या नक्षीवरून नवा तुकडा घडवून जागच्या जागी बसवला. जे शाबूत होते त्याला धक्का लावला नाही. म्हणूनच आजचा यात्रेकरू तेथे जुन्या कारागिरांच्याच हातचे काम पाहतो.

या प्रश्नाला अहिंसेचीही एक बाजू आहे. श्रावकाला घर, मंदिर, धर्मशाळा बांधावी लागते आणि त्यात आरंभी हिंसा अटळ असते, हे आचार्यांनी मान्य केले आहे. परंतु आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे विवेचन करताना प्रमादचर्या सांगितली आहे. निष्कारण जमीन खणणे, पाणी वाया घालवणे, अग्नी पेटवणे, वनस्पती तोडणे यांचा समावेश त्यांनी तीत केला. नव्या बांधकामाची सामग्री या यादीशेजारी ठेवून पाहावी. वीटभट्टीसाठी शेतातील सुपीक माती उचलली जाते. वाळूसाठी नदीचे पात्र खरवडले जाते. सिमेंटसाठी डोंगरातील चुनखडी फोडून ती सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजावी लागते. इंधनाच्या धुराखेरीज त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. जगभरातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो. पृथ्वीकाय, अप्काय, तेजस्काय, वायुकाय, वनस्पतिकाय या पाचही स्थावरांना त्याची झळ पोचते. उभ्या असलेल्या वास्तूसाठी ही हिंसा एकदा होऊन गेली आहे. दुरुस्तीने भागत असताना ती वास्तू पाडणे म्हणजे तीच हिंसा विनाकारण दुसऱ्यांदा करणे होय.

नवी इमारत वीज कमी वापरते, म्हणून ती पर्यावरणाला हितकर, असा युक्तिवाद केला जातो. अमेरिकेतील वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०११ च्या अहवालात याचा हिशेब मांडला. सर्वसाधारण जुन्या इमारतीपेक्षा ३० टक्के अधिक कार्यक्षम अशी नवी इमारत बांधली, तरी बांधकामातून झालेली हवामानाची हानी भरून येण्यास १० ते ८० वर्षे लागतात, असे त्यात दिसून आले. न्यासाच्या नव्या वास्तूचे हे ऋण कदाचित पुढच्या शताब्दी महोत्सवापर्यंतही फिटणार नाही.

वास्तुशास्त्राचे जगही या विचाराकडे वळले आहे. फ्रान्समधील बोर्दो शहरात १९६० च्या दशकातील तीन मोठ्या इमारतींत ५३० घरे होती. आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांनी सहकाऱ्यांसह त्या पाडण्याऐवजी बाहेरच्या बाजूने प्रशस्त, काचबंद सज्जे जोडून घरे मोठी व उजेडाची केली. काम चालू असताना रहिवाशांना घर सोडावे लागले नाही. या वास्तुविदांना २०२१ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात मुंबईच्या भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची १८७२ मध्ये खुली झालेली वास्तू विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली मूळ रूपात सावरली गेली. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार लाभला.

अर्थात, चुकीची दुरुस्ती ही पाडकामाइतकीच घातक ठरते. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, की भिंतीतील ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. अशा भिंतीला चुनाच मानवतो. हिरडा, गूळ, बेलफळाचा गर घालून मुरवलेला चुना जुन्या गवंड्यांना ठाऊक होता. चुन्याची भट्टी सिमेंटच्या भट्टीहून कमी तापते आणि घट्ट होताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड काही अंशी परत शोषून घेतो. कोरीव खांबांवर तैलरंग फासणे, शिलालेखांवर फरशा बसवणे हे तर अजाणतेपणी होणारे इतिहासाचे विस्मरणच होय. काँक्रीटच्या इमारतीत सळई गंजून फुगते आणि भोवतीचे काँक्रीट तडकते. वेळीच लक्ष दिले, तर सैल भाग काढून, सळया साफ करून किंवा नव्या जोडून ती वाचवता येते. उशीर झाला आणि अभियंत्याने वास्तू धोकादायक ठरवली, तर मात्र जीवितरक्षण हाच धर्म. तिथे हट्ट नको. तशा वेळीही सागवान, दगड, कौले, दारे-खिडक्या जपून उतरवाव्यात व पुन्हा वापराव्यात.

मग समाज पाडकामाकडे का झुकतो ? एक कारण बोलून दाखवले जात नाही. नव्या वास्तूला कोनशिला असते, देणगीदारांचा संगमरवरी फलक असतो. गळके छप्पर दुरुस्त करणाऱ्याचे नाव कोणी कोरत नाही. समराशाह आणि कर्माशाह यांची स्मृती मात्र याच्या उलट साक्ष देते. सावरणाऱ्याचे नाव पाच-सात शतकेही टिकते. आणि नाव टिकले नाही तरी दानाचे मूल्य उणे होत नाही, हे श्रावकाला वेगळे सांगावे लागत नाही.

या मंगल वर्षात न्यासाने चार संकल्प करावेत. नूतन निर्मितीच्या निधीपासून वेगळा जीर्णोद्धार निधी स्थापन करावा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वास्तूचे छप्पर, पन्हळी व भिंती तपासून नोंदवही ठेवावी. कोणत्याही कामाला हात घालण्यापूर्वी मोजमापे, छायाचित्रे आणि शिलालेखांचे वाचन जतन करावे. आणि तज्ज्ञाकडून लेखी स्ट्रक्चरल ऑडिट होऊन ते सर्वसाधारण सभेपुढे वाचले गेल्याखेरीज पाडण्याचा ठराव करू नये.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी विटा वाहिल्या, त्यांतील अनेक जण आज हयात नाहीत. त्यांचा हात लागलेली भिंत मात्र उभी आहे. पाठशाळेच्या ज्या उंबरठ्यावर तीन पिढ्यांनी णमोकार मंत्र म्हणत पाऊल ठेवले, तो उंबरठा चौथ्या पिढीलाही तिथेच भेटावा, यासाठी सर्वांना सद्बुद्धी व सामर्थ्य लाभो.

जय जिनेंद्र !