फ्लॉपीतले अब्बा

अब्बांनी सांगितलेल्या आठवणी मी १९९९ साली श्रीलिपीत टाइप करून तीन फ्लॉप्यांवर ठेवल्या होत्या. अब्बा गेले. नव्या संगणकाला बाहेरून ड्राइव्ह जोडला, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसली. हे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. माझी जुनी श्रीलिपीही तिथे चालेना.

म्हणून विंडोज ९८ चा जुना लॅपटॉप ऑनलाइन शोधू लागलो. पहिल्या विक्रेत्याने झकास फोटो पाठवले आणि लगेच आगाऊ पैसे मागितले. मी नाद सोडला. दुसरा चाकणच्या कारखान्यातला तरुण. म्हणाला, "काका, या, चालू करून बघा, मग पैसे द्या."

तळेगाव चौकात चहाच्या टपरीवर भेटलो. बॅटरीत दम नव्हता, चार्जरवर चालला. सुरू होताना पासवर्ड मागत नाही, हे पाहिलं. मग फ्लॉप्या घातल्या. दोन वाचल्या गेल्या. तिसरी करकरली आणि गप्प झाली. अब्बांचं बालपण तिच्यात होतं.

तेव्हा जुनं यंत्र घेताना आपली फ्लॉपी सोबत न्या, पण तिची नक्कल आधी करून ठेवा. जे उघडेल ते त्याच दिवशी कागदावर उतरवा. मी रात्रभर बसून उतरवलं आणि सकाळी अम्मीला वाचून दाखवलं.