जमीन मेहुण्याच्या नावावर गेली, तरी देणं फिटत नाही



गटाच्या बैठकीत एक गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा ऐकू येतं. "व्यापाऱ्यानं पैसे बुडवले. मागायला गेलो तर म्हणतो, माझ्या नावावर काहीच नाही!" आज त्याबद्दल बोलूया.

समजा, तुमच्या गटानं एका व्यापाऱ्याला १,८०,००० रुपयांची हळद उधारीवर दिली. पैशांसाठी नोटीस पाठवली. आठच दिवसांत त्यानं आपली दोन एकर जमीन मेहुण्याला बक्षीसपत्रानं देऊन टाकली. कागदावर मेहुणा मालक, पण शेत कसतोय व्यापारीच.

अशा वेळी हातपाय गाळू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५३ आहे. ज्यांचे पैसे येणं आहेत, त्यांना चुकवायला किंवा रखडवायला केलेला व्यवहार त्यांच्या मागणीवरून न्यायालय रद्द ठरवू शकतं. त्यासाठी आधी वसुलीचा निकाल हातात असलाच पाहिजे, असंही नाही.

न्यायालय काय पाहतं? जमीन नात्यात गेली का? पैसे न घेता किंवा कवडीमोलानं गेली का? नोटिशीनंतर घाईनं गेली का? ताबा कुणाचा? मात्र ज्यानं काही माहीत नसताना, योग्य किंमत मोजून जमीन घेतली, त्याला कायदा संरक्षण देतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा दावा त्या व्यापाऱ्याकडे ज्यांचे ज्यांचे पैसे अडकलेत, त्या सगळ्यांच्या वतीनं करावा लागतो. म्हणून शेजारच्या गटालाही विचारा. दुसरी गोष्ट मुदतीची. असा व्यवहार कळल्यापासून तीन वर्षांच्या आत हालचाल हवी.

आणि जमीन अजून गेली नसेल, पण विकायची कुणकुण लागली असेल तर? वसुलीच्या दाव्यातच निकालाआधी जप्तीचा अर्ज करता येतो. व्यवहार झाल्यावर धावण्यापेक्षा हे सोपं.

कागद जपा : पावत्या, वजनाच्या चिठ्ठ्या, मोबाइलवरचे मेसेज, नोटिशीची पोच. तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढा, दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल घ्या.

वकिलाच्या फीची काळजी वाटते? १९८७ च्या कायद्यानुसार बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्या.

एकटीनं जाऊ नका, गटानं जा.