पिकल्या वयाचे देणे
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



साठी उलटली की शेतीचा व्यवहार मुलांच्या हाती जातो, घर सुना सांभाळतात आणि म्हातारे माणूस देवळाच्या पारावर येऊन बसते. ‘आता आमचे काय राहिले?’ हा प्रश्न तेथे रोज निघतो. त्याचे उत्तर महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या चरित्रात सापडते.

अण्णांचे गाव दापोली तालुक्यातील मुरूड. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्यास गेले. तेथे ‘वय लहान दिसते’ म्हणून त्यांना परीक्षेस बसूच दिले नाही. खेड्यातल्या मुलाला विद्येसाठी काय सोसावे लागते, हे त्यांना असे कळले.

१८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम व १९१६ मध्ये महिला विद्यापीठ त्यांनी उभे केले. एवढ्यावर कोणीही समाधानाने बसला असता. पण १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. त्यासाठी दारोदार हिंडून लहानसहान वर्गणी जमवली. खेड्याने दिलेला त्रास ते विसरले. खेड्यातल्या पोराची पायपीट मात्र विसरले नाहीत. १९४४ मध्ये, ८६व्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले.

मनातली अढी सोडावी आणि लहानपणी जे स्वतःला मिळाले नाही ते पुढच्या पिढीला मिळवून द्यावे, हेच खरे पोक्तपण. त्याला पैसाच लागतो असे नाही. बांधाचा जुना दगड कोठे होता हे ज्या आजोबांना ठाऊक आहे, त्यांनी दोन भावांतला तंटा मिटवावा. ज्यांना हिशेब येतो, त्यांनी देवस्थानची वही चोख ठेवावी. ज्या आजींना शाळा पाहायला मिळाली नाही, त्यांनी नातीचे नाव शाळेतून काढू देऊ नये.

देणगीदारांच्या उदारपणामुळे सभामंडप उभा राहिला. त्यात रोज संध्याकाळी चार मुले अभ्यासाला बसली आणि त्यांच्याजवळ एक म्हातारे माणूस बसले, तर पारावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर गावातच मिळेल.