वजन आणि कस
(आधुनिक कसोटी फलंदाजांच्या थोरवीविषयी दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)

पाच दिवसांच्या क्रिकेट सामन्याला मराठीत ‘कसोटी’ हा शब्द ज्याने कोणी रूढ केला, त्याची योजकता वाखाणण्याजोगी आहे. कसोटी म्हणजे सोनाराजवळचा काळा दगड. त्यावर सोने घासले की जी रेघ उमटते, तिच्यावरून सोन्याचा कस ठरतो. सोने किती हे तराजू सांगतो. ते कसे हे कसोटी सांगते. फलंदाजांची तुलना करताना आपली गफलत होते ती नेमकी येथे. आपण तराजू हाती घेतो आणि कस सांगितल्याचा आव आणतो.

तराजूचा निकाल काय आहे? सचिन तेंडुलकर : 200 सामने, 15,921 धावा, 51 शतके, सरासरी 53.78. जॅक कॅलिस : 13,289 धावा, सरासरी 55.37. राहुल द्रविड : कॅलिसपेक्षा अवघी एक धाव कमी, सरासरी 52.31. रिकी पाँटिंग : 13,378 धावा, सरासरी 51.85. ब्रायन लारा : 11,953 धावा, सरासरी 52.88. सुनील गावसकर : 10,122 धावा, सरासरी 51.12. डॉन ब्रॅडमन यांची 99.94 ही सरासरी या सर्वांपासून इतकी दूर आहे की त्यांना या तुलनेतून आदराने बाजूला ठेवणेच इष्ट. उरलेले सारे 51 ते 56 या चिंचोळ्या पट्ट्यात उभे आहेत. केवळ या आकड्यांवर निवाडा करायचा, तर कॅलिस सर्वांत वर आणि गावसकर सर्वांत खाली, असे म्हणावे लागेल. ज्याने या दोघांचा खेळ पाहिला आहे, तो हा निवाडा मुकाट्याने मान्य करील काय? म्हणून कसोटीचा दगड हवा. त्याला तीन प्रश्न विचारता येतात.

कोणासमोर आणि कोठे?

पहिला प्रश्न : धावा कोणत्या गोलंदाजांविरुद्ध आणि कोणत्या भूमीवर झाल्या? गावसकर सलामीला जात. चेंडू नवा, गोलंदाज ताजेतवाने आणि डोक्यावर कारकिर्दीच्या मोठ्या भागात शिरस्त्राण नाही. अशा अवस्थेत त्यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध 13 शतके केली. यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. 1971 मध्ये त्यांनी पदार्पणाच्या मालिकेत 774 धावा केल्या, तेव्हा वेस्ट इंडीजचा तो प्रसिद्ध वेगवान चौकडीचा काळ सुरू व्हायचा होता. 1978-79 च्या मालिकेत त्या देशाचे प्रमुख खेळाडू पॅकर यांच्या स्पर्धेत गुंतल्यामुळे संघात नव्हते. या दोन मालिकांतील आठ शतके वजा केली तरी पाच उरतात. त्यांत 1976 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला 403 धावांचे लक्ष्य गाठतानाचे 102 आहेत, आणि 1983 मध्ये दिल्लीला मार्शल-होल्डिंग यांच्यावर चाल करून 94 चेंडूंत पूर्ण केलेले शतकही आहे. आक्षेपाची पूर्ण किंमत चुकवूनही जे शिल्लक राहते, ते खरे सोने.

याच प्रश्नावर पाँटिंग थोडे उणे पडतात. ऑस्ट्रेलियाच्या उसळत्या खेळपट्ट्यांवर चेंडू हुक करावा तर तो त्यांनीच. परंतु भारतातील फिरकीसमोर 14 सामन्यांत त्यांची सरासरी 26 च्या आसपास राहिली. लारा भारतात 1994-95 ची तीन सामन्यांची एकच कसोटी मालिका खेळले. तेवढ्या बळावर त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. तेंडुलकरांच्या नकाशावर मात्र मोठे छिद्र सापडत नाही. ऑस्ट्रेलियात 53, इंग्लंडमध्ये 54, दक्षिण आफ्रिकेत 46 ही सरासरी चोवीस वर्षांच्या काळातील आहे. 1992 मध्ये पर्थच्या जलद खेळपट्टीवर 114 धावा करणारा अठरा वर्षांचा मुलगा आणि 2011 च्या जानेवारीत केपटाऊनला डेल स्टेनच्या भेदक माऱ्यापुढे 146 धावा करणारा सदतीस वर्षांचा प्रौढ, हे एकच गृहस्थ आहेत. इतका दीर्घ काळ कस टिकवणे हाही कसाचाच भाग होय.

संघ कोणत्या अवस्थेत होता?

दुसरा प्रश्न : फलंदाज मैदानात उतरला तेव्हा संघाची अवस्था काय होती? 1999 चा मार्च महिना. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतील पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजचा संघ 51 धावांत गारद झाला. कर्णधार लारा यांच्यावर चहूकडून टीका झाली. पुढच्याच कसोटीत त्यांनी किंग्स्टनला 213 धावा करून सामना जिंकून दिला. त्यानंतर ब्रिजटाऊनला 308 धावांचे लक्ष्य होते. पाच बाद 105, मग आठ बाद 248. समोर मॅकग्रा, गिलेस्पी, वॉर्न, मॅकगिल. नवव्या गड्यासाठी अ‍ॅम्ब्रोस यांनी साथ दिली. ते बाद झाले तेव्हा सहा धावा हव्या होत्या आणि शेवटचे फलंदाज होते कोर्टनी वॉल्श. लारा 153 धावांवर नाबाद राहिले, सामना एका गड्याने जिंकला. आधुनिक काळातील चौथ्या डावात याहून मोठी खेळी दाखवणे कठीण आहे. ती भारतीयाची नाही, म्हणून तिची उंची एका बोटानेही कमी होत नाही.

या प्रश्नाने द्रविड यांचे मोलही लख्ख होते. 2003 मध्ये अ‍ॅडलेडला भारताचे चार फलंदाज 85 धावांत परतले असताना लक्ष्मणसह त्यांनी 303 धावांची भागीदारी केली. पहिल्या डावात 233, दुसऱ्यात नाबाद 72, आणि विजयी धाव त्यांच्याच बॅटमधून. 2006 मध्ये किंग्स्टनच्या अवघड खेळपट्टीवर त्यांनी 81 आणि 68 धावा केल्या. भारत 49 धावांनी जिंकला आणि 1971 नंतर पस्तीस वर्षांनी वेस्ट इंडीजमध्ये मालिका आपल्या हाती आली. या सामन्यात द्रविड यांच्या नावावर शतक नाही. शतके मोजणाऱ्याला ही कामगिरी दिसणारच नाही.

पराभवाचे माप कोणाच्या पदरात?

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. खेळी थोर, पण सामना हरला, मग काय? तेंडुलकरांवर सर्वांत अधिक वेळा ठेवला गेलेला ठपका हाच. त्याचे उदाहरण म्हणून 1999 च्या जानेवारीतील चेन्नईची कसोटी पुढे केली जाते. पाकिस्तानने 271 धावांचे लक्ष्य ठेवले होते. पाच बाद 82 अशी स्थिती. वासिम अक्रम, वकार युनूस, सकलेन मुश्ताक यांचा मारा आणि पाठीत असह्य वेदना. तेंडुलकरांनी मोंगिया यांच्यासह डाव सावरला आणि 136 धावा केल्या. ते बाद झाले तेव्हा 17 धावा हव्या होत्या. उरलेल्या तीन गड्यांनी चार धावांची भर घातली. भारत 12 धावांनी हरला.

दोष कोणाचा? ज्याने 136 केल्या त्याचा, की 17 करू न शकलेल्यांचा? 1987 मध्ये बंगळूरला आखाड्यासारख्या खेळपट्टीवर गावसकर यांनी आपल्या अखेरच्या कसोटी डावात 96 धावा केल्या. भारत 16 धावांनी हरला. 2001 मध्ये श्रीलंकेत लारा यांनी तीन कसोटींत 688 धावा केल्या. वेस्ट इंडीज तिन्ही सामने हरला. पाँटिंग यांच्या मागे मॅकग्रा आणि वॉर्न होते. या तिघांमागे बहुतेकदा तसे कोणी नव्हते. कसोटी जिंकायला वीस बळी लागतात आणि ते फलंदाज घेत नाही. विजय हे संघाचे फळ आहे. ते एकट्याच्या पदरात घालणे चूक, तसेच पराभवाचे खापर एकट्याच्या माथी फोडणेही चूक. कर्म पाहावे, फळावरून कर्त्याची योग्यता ठरवू नये, ही शिकवण या देशाला नवीन नाही.

स्वतःवरील विजय

या तीन प्रश्नांच्या मुळाशी एक चौथी गोष्ट आहे : आत्मसंयम. 2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ऑफ यष्टीबाहेरच्या चेंडूने तेंडुलकरांना सतावले. सिडनीला त्यांनी आपला लाडका कव्हर ड्राइव्ह जणू वर्ज्यच केला आणि 436 चेंडू खेळून नाबाद 241 धावा केल्या. विराट कोहली यांना 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात दहा डावांत 134 धावाच जमल्या. आपल्या तंत्रातील उणीव दूर करून 2018 मध्ये त्याच भूमीवर त्यांनी 593 धावा केल्या. स्टीव्ह स्मिथ वर्षभराची बंदी भोगून 2019 मध्ये परतले आणि इंग्लंडमध्ये चार कसोटींत 774 धावा करून गेले. जो रूट यांनी 2025 मध्ये पाँटिंग यांना मागे टाकून धावांच्या यादीत दुसरे स्थान मिळवले. वजन त्यांच्याकडेही भरपूर आहे. त्यांच्या पिढीचा कस मात्र हेच तीन प्रश्न विचारून पाहावा लागेल.

मग निवाडा काय? एकाच खेळीचे शिखर पाहायचे, तर लारा. संकटात भिंतीआड उभे राहायचे, तर द्रविड. नव्या चेंडूसमोर पहिला घाव झेलायचा, तर गावसकर. पण सर्व भूमींवर, सर्व प्रकारच्या माऱ्यापुढे, कोट्यवधींच्या अपेक्षांचे ओझे वाहत, चोवीस वर्षे ज्याच्या सोन्याची रेघ फिकी पडली नाही, त्याचे नाव सचिन तेंडुलकर. हा निवाडा तो आपला आहे म्हणून नव्हे, तर दगडावर उमटलेली रेघ तसे सांगते म्हणून. आपला आहे म्हणून त्याला थोर म्हणणे, हा त्याच्या चोवीस वर्षांच्या तपश्चर्येचा अपमान ठरेल.

आणि सज्जनहो, ही दृष्टी आपल्या समाजाजवळ आहे. चेन्नईच्या त्या पराभवानंतर चेपॉकवरील हजारो प्रेक्षकांची मने विदीर्ण झाली होती. तरीही पाकिस्तानचा विजयी संघ मैदानाला फेरी मारू लागला, तेव्हा सारे प्रेक्षागृह उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्या खेळाडूवर जीव ओवाळून टाकावा आणि प्रतिस्पर्ध्याच्या गुणांना दादही द्यावी, या दोन गोष्टींत विरोध नाही, हे त्या प्रेक्षकांनी दाखवून दिले. त्या दिवशी खेळाडूंइतकीच त्यांचीही कसोटी होती, आणि ते तीत उतरले.