वृद्धाश्रमातील आपली वडीलधारी माणसे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वृद्धाश्रमाचे नाव निघताच आपल्या समाजात अजूनही आवाज खाली येतो. त्याचे कारण आम्हांस दिसत नाही. वसई-आगाशीच्या वाड्यांतील भरल्या घरांची जागा इमारतींतील दोन खोल्यांनी घेतली. कर्ती माणसे सकाळच्या चर्चगेट लोकलने गेली की अंथरुणास खिळलेल्या आजीजवळ कोणी बसावे?

आश्रमात ठेवावे लागले तर ठेवावे; मात्र ठेवून विसरू नये. भेटीस जाताना आपण पेढ्यांचा पुडा नेतो (तोही पुष्कळदा मधुमेह असलेल्या माणसासाठी!), पण पाठ पाहतो काय? निजून असलेल्या माणसाची कूस सुमारे दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीस व टाचांस शय्याव्रण होतात. वयोमानाने तहान मंदावते. पाणी मागितले नाही म्हणजे नको आहे, असे नव्हे. न्हाणीघरात धरावयास दांडा आहे काय, चष्मा व कवळी हाताशी आहे काय, हेही पाहावे.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांस मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा अधिकार दिला. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूदही त्यात आहे. २०१४ मध्ये जिल्हा झालेल्या पालघरलाही ती लागू आहे.

आश्रमांतील ज्या ज्ञातिबांधवांस मूलबाळ नाही, त्यांच्याकडे दर रविवारी जाण्यास आम्हांस माणसे हवी आहेत. व्यासपीठाजवळ वही ठेविली आहे. तीत नावे लिहावीत.