हा गेम आवडला, मग पुढचा कोणता?



पुणे-सोलापूर महामार्गावरच्या पाटससारख्या गावी व्हिडिओ गेमवर दिवसभर बोलायला आपण जमलो आहोत, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्याकडे गेमचा विषय निघाला की बोलणे दोनच वाटांनी जाते. एक वाट व्यसनाची, दुसरी कोट्यवधींच्या उलाढालीची. या दोन्ही वाटांवर खेळणारा माणूस भेटत नाही. तो का खेळतो, हे त्याला कुणी विचारलेले नसते. माझे आजचे भाषण त्याच प्रश्नावर आहे, आणि तो मी अगदी व्यवहाराच्या अंगाने मांडणार आहे. एखाद्याला एक गेम जीव लावून आवडला. आता त्याला पुढचा कोणता सुचवावा?

मोबाइलमधल्या दुकानापाशी उत्तर तयार असते. तुम्ही गोळीबाराचा गेम खेळलात, हे घ्या आणखी दहा गोळीबाराचे. दुकान गेमचा प्रकार बघते, आणि तो गेम घेणाऱ्या इतरांनी आणखी काय घेतले ते बघते. यातून खप वाढतो. पण खेळणाऱ्याला त्या गेममध्ये नेमके काय मिळत होते, हे यातून कळत नाही.

हे नीट पाहायचे तर २ सप्टेंबर २०२० या तारखेकडे जावे लागेल. त्या दिवशी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली आणि त्यांत पबजी मोबाइल होता. कोरोनामुळे शाळा-कॉलेजे बंद होती, बाहेर फिरण्यावर मर्यादा होत्या, आणि लाखो पोरांची संध्याकाळ त्या एका गेममध्ये जात होती. तो गेला आणि सगळे एकच विचारू लागले: तसाच दुसरा कोणता? ज्याला नेम, चकमक आणि वरची रँक हवी होती तो फ्री फायरकडे किंवा कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलकडे वळला आणि तिथे रमला. पण त्याच स्क्वाडमध्ये असाही एक जण असायचा, ज्याला बंदुकीशी काही देणेघेणे नव्हते. रात्री साडेनऊला चार मित्रांचे आवाज कानात यावेत, गावातल्या गप्पा व्हाव्यात, एवढ्यासाठी तो लॉबीत यायचा. नवी मुंबईत तयार झालेला लुडो किंग त्याला त्या दिवसांत जास्त जवळचा होता. आपल्याच माणसांची खोली करायची, फासे टाकायचे, एकमेकांच्या सोंगट्या मारायच्या. गेमच्या प्रकारांच्या यादीत पबजी आणि लुडो यांचा दूरचाही संबंध नाही. या मुलाच्या हिशेबात ते सख्खे भाऊ आहेत.

याच्या उलट उदाहरणाची सुरुवातही त्याच महिन्यात झाली. बंदीनंतर दोनच दिवसांनी फौजी या गेमची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ला तो आला. सैनिक होते, गलवान खोरे होते, देशाभिमान होता. वरून पाहता रिकामी जागा भरायला याच्याइतका योग्य गेम दुसरा नव्हता. प्रत्यक्षात सुरुवातीला त्यात एकट्याने खेळायची कथा होती, हाताने आणि काठीने करायची मारामारी होती. मित्रांसोबत मैदानात उतरायची सोय नव्हती. ज्यांना सोबत हवी होती त्यांना तिथे सोबत मिळाली नाही. बनवणाऱ्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण हा धडा मराठीत कुणी लिहून ठेवलेला मी पाहिला नाही. म्हणून आज तो इथे मुद्दाम सांगतो.

जगात या प्रश्नावर बराच विचार झाला आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा गेम सुरू केला. पडद्यावर चित्र नाही, नुसती अक्षरे. पण अनेक जण एकाच वेळी त्या जगात वावरू शकत. पुढे जुन्या खेळाडूंमध्ये वाद पेटला, की आपल्याला यातून हवे तरी काय? त्या वादावरून बार्टल यांनी १९९६मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले: मिळवणारे, शोधणारे, माणसे जोडणारे आणि दुसऱ्याला हरवण्यात रस असलेले. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते, की ही मांडणी खेळणाऱ्यांच्या भांडणातून निघाली. त्यांना आधी बोलू दिले गेले.

संशोधक निक यी यांनी पुढे हजारो खेळाडूंना प्रश्न विचारून ही कप्पेबंद विभागणी मोडली. माणूस एकाच कप्प्यात बसत नाही, त्याच्यात सगळ्या ओढी कमीअधिक असतात, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. निकोला ड्यूशेनो यांच्यासह त्यांनी क्वांटिक फाउंड्री ही संस्था काढली आणि २०१५मध्ये एक प्रश्नावली खुली केली. तीत बारा प्रेरणा आहेत, जोडीजोडीने मांडलेल्या. विध्वंस आणि थरार. स्पर्धा आणि सोबत. आव्हान आणि डावपेच. सगळे पूर्ण करणे आणि ताकद वाढवत नेणे. दुसऱ्या कुणाच्या भूमिकेत शिरणे आणि कथा. स्वतःचे काही घडवणे आणि शोधत हिंडणे. प्रश्नावली भरणारा आपले आवडते गेमही सांगतो. एखादा गेम आवडणाऱ्या सगळ्यांच्या प्रेरणा एकत्र केल्या की त्या गेमचा जणू एक चेहरा तयार होतो. ज्या दोन गेमचे असे चेहरे जुळतात ते एकमेकांसारखे, मग एकात बंदुका असोत आणि दुसऱ्यात गाजरे.

आपल्याला हा विचार परका वाटायचे कारण नाही. रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८मध्ये खेळांच्या मुळाशी असलेल्या चार ओढी सांगितल्या: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. यातली भोवळ इथेच पाहा. तुकोबांची पालखी वरवंडहून निघून याच पाटसमधून रोटी घाटाकडे जाते. त्या वाटेवर वारकरी फुगडी घालतात. सत्तरीच्या आजी विशीतल्या पोरीचे हात धरून गरगर फिरतात. तिथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, कथा नाही, बक्षीस नाही. भोवळ आणि समोरच्याचे घट्ट धरलेले हात, एवढाच तो खेळ. हुतुतूची स्पर्धा, सारीपाटाचे फासे, भारुडातले सोंग, हे सगळे आपण पिढ्यान् पिढ्या खेळत आलो आहोत. त्यामागच्या ओढींना नावे द्यायचे काम तेवढे आपल्याकडून राहिले.

आता मी या भागातल्या मुलांच्या फोनवर येतो, कारण मला खरे सांगायचे आहे ते तिथे आहे.

पाटस हा साखर कारखान्याचा गाव. हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्या रस्त्यावर दिसणारच. इथल्या एखाद्या मुलाला शेतीचे गेम आवडतात असे कळले, तर आपण काय सुचवू? फार्मिंग सिम्युलेटर ही स्वित्झर्लंडमधून येणारी मालिका २००८पासून चालू आहे. २०१७मध्ये तिच्या एका आवृत्तीत ऊसही आला. लागवडीपासून हार्वेस्टरने तोडणीपर्यंत सगळे. दुसरीकडे २०१६चा स्टारड्यू व्हॅली, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला. तोही शेतीचाच. प्रकार पाहिला तर दोन्ही एकाच फळीवर. पण पहिला खेळणाऱ्याला यंत्राची ओढ असते: कोणत्या अवजाराला किती ताकदीचा ट्रॅक्टर लागतो, ट्रॉली मागे घेताना स्टेअरिंग कुणीकडे वळवायचे, एक पाळी चुकू न देता रान कसे उरकायचे. दुसरा खेळणारा गावातल्या माणसांशी ओळख वाढवतो, कुणाला काय आवडते ते लक्षात ठेवतो, घर सजवतो, याद्या पुऱ्या करतो. पहिल्या मुलाला स्टारड्यू दिला तर तो तासाभरात कंटाळेल. त्याला यूरो ट्रक सिम्युलेटर द्यायला हवा, ज्यात शेतीचे काम औषधालाही नाही.

याहून बोलके उदाहरण बसचे आहे. बस सिम्युलेटर इंडोनेशिया हा गेम २०१७मध्ये मालेओ या इंडोनेशियातल्या चमूने आणला. त्यात बसवर आपली लिव्हरी, म्हणजे रंग-अक्षरांची सजावट, चढवता येते, आणि आपल्या मुलांनी तिथे लाल परी आणली. एसटीचा तो लाल रंग, पुढची पाटी, बाजूची अक्षरे, सगळे जुळवत मुले तासन् तास बसतात. एकमेकांना फाइली पाठवतात, रंगाची छटा चुकली म्हणून वाद घालतात. दुकान या मुलांना काय देते? गाड्यांच्या शर्यती. या मुलाला वेगाचे काही पडलेले नाही. त्याला घडवायचे आहे, आणि आपल्या ओळखीचे जग त्या पडद्यावर उमटवायचे आहे. त्याच्या हातात माइनक्राफ्ट द्या, चित्रे आणि त्रिमिती आकार घडवणारे ब्लेंडर द्या. त्यातला एखादा मुलगा उद्या पुण्याच्या एखाद्या स्टुडिओत कलाकार म्हणून बसू शकतो. त्याची खरी ओढ आपण वेळेवर ओळखली पाहिजे, याची मला आच लागली आहे.

पुण्याचे नाव निघाले म्हणून राजीविषयी बोलतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये आणलेल्या या गेममध्ये राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. तो गेम आवडलेल्या माणसाला पुढे काय द्यावे? त्रिशूळ फिरवत लढण्यात मजा आली असेल तर हेडीज. वाडे, जलाशय, भिंतींवरची चित्रे पाहत रेंगाळावेसे वाटले असेल तर २०१२चा जर्नी. आणि पहिल्यांदाच पडद्यावर आपल्यासारखी मुलगी, आपल्या घरातले नाते दिसले म्हणून डोळे भरले असतील, तर २०२३चा वेन्बा. कॅनडात जाऊन राहिलेल्या तमिळ कुटुंबाची, आईच्या पुसट झालेल्या पाककृतींच्या वहीची ती गोष्ट आहे. त्यात एकही असुर नाही. तरी त्या खेळाडूसाठी राजीच्या सर्वांत जवळचा गेम तोच.

या पद्धतीच्या मर्यादाही आपण ओळखायला हव्यात. यी यांच्याच अभ्यासात स्पर्धेची ओढ वयानुसार झपाट्याने उतरताना दिसते, तर डावपेचांची ओढ बरीचशी टिकून राहते. म्हणजे सोळाव्या वर्षी केलेली नोंद तिसाव्या वर्षी चालणार नाही. शिवाय इंग्रजी प्रश्नावली स्वतःहून शोधून भरणारा माणूस आणि शेतावरून आल्यावर वडिलांचा फोन मागून खेळणारा मुलगा यांच्यात मोठे अंतर आहे.

आणि एक धोका. माणसाला काय ओढते हे कळले की त्याच ओढीवर त्याला लुबाडताही येते. रमी आणि पैशांच्या लीगच्या जाहिरातींनी डावपेचाची, हुशारीची भूक चाळवून दैवाचा खेळ विकला, आणि त्यात घरे बुडाली. ऑगस्ट २०२५मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. त्या बंदीचे मी मोकळ्या मनाने स्वागत करतो. पण ज्याला पत्त्यांतल्या अंदाजाची खरोखर आवड होती, त्याला आपण दुसरे काय देणार? बुद्धिबळ आहे, ब्रिज आहे, डावपेचांचे उत्तम गेम आहेत. ते त्याच्यापर्यंत नेणारे कुणीतरी हवे.

म्हणून मी इथल्या ग्रंथपालांना हाक देतो. महाराष्ट्रात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी वाचनालये आहेत. रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दोन तर वाचक आणि पुस्तक यांची नेमकी गाठ घालण्याविषयीच आहेत. चांगला ग्रंथपाल मागच्या पुस्तकात काय आवडले ते विचारतो आणि मगच कपाटाकडे वळतो. प्रत्येक वाचनालयात गेमची एक वही ठेवा. गेमचे नाव, तो खेळणाऱ्याने त्याच्या शब्दांत सांगितलेले कारण, आणि त्याच कारणासाठी त्याला आवडलेला दुसरा गेम. मराठीत गेमवर लिहिणाऱ्यांनीही ग्राफिक्सला इतके गुण, आवाजाला इतके गुण ही पद्धत सोडावी आणि हा गेम कोणत्या भुकेचा आहे ते सांगावे.

मराठी प्रश्नावलीचा एक कच्चा मसुदा मी सोबत आणला आहे. यी यांच्या बारा प्रेरणा त्यात आहेत, उदाहरणे आपल्याकडची आहेत. तेराव्या प्रेरणेची जागा मी रिकामी ठेवली आहे. आपल्याकडे फोन एक असतो आणि त्याभोवती चार डोकी. एक खेळतो, तिघे बघतात, ओरडतात, डावीकडे जा म्हणून सांगतात. त्या तिघांनाही तो गेम तितकाच आवडतो, आणि परदेशी प्रश्नावलीत त्यांना जागा नाही. त्यांना प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, ते जेवणानंतरच्या सत्रात शिक्षकांनी आणि आज इथे आलेल्या मुलांनी मिळून ठरवावे, अशी विनंती करतो.